टेमघरच्या गोठ्यातलं बारसं

टेमघर, भिवंडी
४ जानेवारी १९७४

प्रिय फिलू,

पत्राच्या सुरुवातीला घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहावा, असं बोर्डिंगमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं. पण आता तुझ्या घरात वडीलधारी तूच, आणि माझ्या घरात आक्का सोडल्या तर मीच. तेव्हा तो नमस्कार तूच ठेवून घे. विल्सनला आशीर्वाद. त्याच्या बायकोलाही आशीर्वाद (जरा हात आखडून; का ते पुढे कळेल). तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? मीठ सोडलंस का? मिठागरवाल्याच्या मुलीने हे विचारू नये, पण सोड. माझा डावा गुडघा आहे तसाच आहे, आणि यांचा खोकला पूर्वी फक्त थंडीत येत असे, तो आता बारा महिने मुक्कामाला असतो. (यांचा म्हणजे केसरीनाथांचा. बोर्डिंगात शिकलेल्या बाईने नवऱ्याचं नाव लिहायला लाजू नये, म्हणून एकदाच लिहिते.) बाकी टेमघर ठीक. दिवसरात्र पॉवरलूमची खटखट चालू असते. ती थांबली तरच आम्हाला जाग येते.

तुझं नोव्हेंबरातलं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटायला आलं आहे. बस्त्यावभावोजी गेल्यानंतरचा हा दुसरा नाताळ, आणि तू लिहितेस की यंदा घरात येशूजन्माचा गोठा मांडायला जागा नाही, कारण त्या कोपऱ्यात रेकॉर्डप्लेअर येणार आहे. चंदेरी कागदाचं झाड येणार, केक हॉटेलातून येणार, विल्सनच्या ऑफिसचे लोक नाचायला येणार, आणि सूनबाईच्या हुकमाने तू आतल्या खोलीत बसायचं, कारण काळ्या कपड्यातली आई दिसली की पाहुणे गप्प होतात. आणि शेवटी तू लिहिलंस, 'कमळ, यंदा मी चर्चलाही जाणार नाही. मनच नाही.' फिलू, हे वाक्य मी वाचलं तेव्हा पोळी तव्यावर होती. ती जळाली. वसईची फिलोमिना लोपीस, जी थंडीतापातसुद्धा पहाटेची प्रार्थना चुकवत नसे, जी नाताळाआधीच्या आगमनकाळात प्रत्येक चांगल्या कामाचा एकेक पेंढा गव्हाणीत टाकून बाळासाठी गादीएवढा ढीग करायची (आणि माझे तीनच पेंढे पाहून सिस्टरांचं लक्ष नसताना मला मूठभर द्यायची), ती म्हणते मन नाही! मी पोळी खाली उतरवली आणि यांना सांगितलं, यंदा नाताळ आपल्याकडे. हे म्हणाले, बरं. यांना वाटलं मी भाजीचं काहीतरी म्हणते आहे.

तुला लगेच यायचं पत्र टाकलं. त्याला तुझं उत्तर आलं नाही, पण मी कामाला लागले होते आणि एकदा लागले की मी थांबत नाही, हे तुला गणिताच्या परीक्षेपासून माहीत आहे. आता झालं असं की नाताळचा हा बेत मी जेवताना बोलून गेले, आणि आमच्या तुळशीरामने कान टवकारले. (तुळशीराम म्हणजे माझा मुलगा, तू त्याला नेहरूशर्टात पाहिला होतास, आता त्याचं पोट त्या शर्टात मावणार नाही.) त्याचे लूम आहेत हे तुला ठाऊकच आहे, गेल्या वर्षी त्याने धामणकर नाक्यावर कापडाचं दुकानही टाकलं. तो म्हणाला, आई, मुंबईत नाताळला दुकानं फुटतात इतकी गर्दी असते, भिवंडीत कुणाला अजून सुचलंच नाही. मी म्हटलं, भिवंडीत ख्रिस्ती माणसं किती आहेत रे? तो म्हणाला, 'गिऱ्हाइकाला धर्म नसतो, आई.' हे वाक्य मला फार उदात्त वाटलं, म्हणून मी गप्प बसले. तीच चूक झाली.

त्याने दुकानात नाताळचा सेल लावला आणि आमच्या महादू रखवालदाराला सांताक्लॉज केलं. लाल कापड दुकानातलं, दाढी लूमखाली पडणाऱ्या सुताच्या कचऱ्याची, हातात घंटा आणि टोपलीत लिमलेटच्या गोळ्या. महादूचा चेहरा इतका हाडकुळा की पोटाला उशी बांधूनही तो उपोषणाला बसलेल्या माणसासारखा दिसत होता. त्याला संध्याकाळी बरोबर शिफ्ट सुटायच्या वेळेला नाक्यावर उभा केला. आता तूच सांग, डोक्यापासून पायापर्यंत लाल कपडे, हातात घंटा, शिफ्टची वेळ आणि गाव भिवंडी. कामगारांना काय वाटणार? पहिल्या घोळक्याने विचारलं, 'क्या चाचा, हडताल है क्या?' महादूला हिंदी बेताचंच. त्याला वाटलं गोळ्या मागतायत. तो घंटा वाजवत ओरडला, 'मिलेगा, मिलेगा! सबको मिलेगा! लाइन लगाव!' झालं. ती बातमी पार शेलार गावापर्यंत गेली की बोनस मिळणार आहे, संप पुकारलाय, लाल कपड्यातला म्हातारा पुढारी मुंबईहून आलाय. रात्रपाळीचे लोक लूमवर गेलेच नाहीत, सगळे येऊन महादूपुढे बसले. काहींनी त्याला हार घातला. टेमघरात एकाएकी खटखट थांबली तेव्हा मी दचकून उठून बसले (मला दुपारीच डुलकी लागते असं नाही, संध्याकाळीही लागते). शेवटी तुळशीरामने प्रत्येकाला शर्टाचं एकेक कापड फुकट देऊन लूम सुरू करवले. त्या अख्ख्या सेलमधली खरी नाताळची भेट तेवढीच. महादूला मात्र अजून लोक रस्त्यात सलाम करतात, आणि तोही हल्ली तो घेतो.

त्या दिवशी मी तुळशीरामला समोर बसवून सांगितलं की नाताळ म्हणजे लाल कापड नव्हे, गोळ्या नव्हेत, सेल तर नव्हेच नव्हे. तो म्हणाला, मग काय ते सांग ना. आणि फिलू, मला सांगता येईना. दहा वर्षं मी आपल्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात गुडघे टेकून गोठ्यासमोर गायले, पण माझ्याच पोराला दोन वाक्यांत सांगता येईना. तेव्हा मी ठरवलं की सांगायचं नाही, दाखवायचं. आणि गोठा काय पुठ्ठ्याचा करायचा? आमच्याकडे खरा आहे. टेमघरातले बाकीचे गोठे केव्हाच लूमशेड झाले, आमचा तेवढा उरलाय, कारण आक्कांनी सांगून ठेवलंय की चांदी गाय जिवंत आहे तोवर तिच्या जागी यंत्र ठेवायचं नाही. (आक्का यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हा त्यांना नीट पदरही घेता येत नव्हता. आता त्यांच्या शब्दाशिवाय आमच्या घरात भोपळाही चिरला जात नाही.)

मूर्तींसाठी मी राघोकडे गेले. राघो गणपती करतो, आणि डिसेंबरात माघी गणपतींच्या कामाला अजून अवकाश असतो. त्याने फार भक्तिभावाने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'देवाला हात किती, वहिनी?' मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, 'दोनच?' त्याला माझी दया आली असावी. मग विचारलं, 'वाहन?' मी म्हटलं, तसं वाहन नाही, पण एक गाढव आहे. राघोने हातातली माती खाली ठेवली. म्हणाला, 'वहिनी, मला याच गावात राहायचं हाय.' शेवटी आमचा समझोता झाला. गाढव आलं ते घोड्याच्या तोंडाचं. मारियाबाई हिरव्या लुगड्यात आल्या, नाकात नथ. (नथ मी काढायला सांगणार होते, पण ती इतकी शोभत होती की जीभ रेटली नाही.) जोसेफांना फेटा आणि अशा मिशा की ते सुतार न वाटता पाटील वाटत होते. आणि बाळ राघोने बाळकृष्णाच्या साच्यातून काढलं. रंग निळा नको एवढं त्याने ऐकलं, हातातला लोण्याचा गोळाही काढला, पण हात तसाच पुढे राहिला. त्यामुळे आमचा येशू सदा काहीतरी मागतो आहे असा दिसतो.

चोवीस तारखेला मी दिवसभर एसटीच्या स्टँडकडे माणूस ठेवला होता. तू आली नाहीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. (म्हणत नाही म्हणजे पत्रात म्हणत नाही.) दिवेलागणीला मी गोठा सारवून, समया लावून, आळीतल्या बायकांना बोलावलं. भाषण पाठ केलं होतं. विषय, 'नाताळचा खरा अर्थ आणि आजचा बाजार'. चांदीसमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं आणि तिने तिन्ही वेळा शांतपणे ऐकलं होतं. सुरुवात झकास झाली. मी म्हटलं, एका गरीब सुताराची बायको, दिवस भरलेले, लांबचा प्रवास करून परगावी आली, कारण राजाने हुकूम काढला होता की प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावं.

शेजारची राहीबाई लगेच म्हणाली, 'म्हंजे रेशनकार्ड.'

सगळ्यांना एकदम कळलं. प्रत्येकीच्या घरातलं कुणीतरी रेशनकार्डापायी गावी जाऊन आलं होतं; तिथून तांदळावर आणि घासलेटवर गाडी गेली, ती मी मोठ्या कष्टाने परत बेथलेहेमला आणली. मग मी सांगितलं की त्यांना कुठेच खोली मिळाली नाही. इथे आक्का, ज्या तोवर दारातच 'परक्या देवाचं माझ्या गाईला काय' अशा चेहऱ्याने उभ्या होत्या, त्या आत आल्या. 'दिवस भरलेल्या बाईला खोली दिली न्हाय? कोन होता तो मेला?' मी म्हटलं, धर्मशाळेवाला होता, आक्का, नाव माहीत नाही. 'नाव लपवतेस का त्याचा?' म्हणून त्यांनी तुळशीरामकडे असं पाहिलं (तुळशीराम लूमवाल्यांना खोल्या भाड्याने देतो, त्यात माणसं पाळीपाळीने झोपतात) की तो उगाच समईची वात सारखी करायला लागला. 'आनि हिची सासू कुठं होती? आयस कुठं होती? हा मिशावाला नुसता उभाच हाय!' जोसेफांची बाजू मी घेत होते तोवर चांदीने मान लांब करून गव्हाणीतला पेंढा खायला सुरुवात केली. तिची गव्हाण, तिचा पेंढा. तिचंही चुकलं नाही. बाळ एका अंगाला घसरलं. आक्कांनी झडप घालून त्याला उचललं, आणि त्यांचा हात त्या गार मातीला लागला.

'अगो कमल,' आक्का म्हणाल्या, 'पोर गार पडलाय. उघडा ठेवलास यास, पौषाच्या थंडीन?'

फिलू, माझं भाषण तिथे संपलं. बाजाराबद्दलचा अख्खा भाग राहिला. राहीबाई धावत जाऊन शेगडी घेऊन आली, तिच्यावर ओव्याची धुरी. कुणी खोबरं, कुणी डिंकाचे लाडू, कुणी बाळंतकाढ्याची बाटली. शेगडी पेंढ्याजवळ ठेवल्यामुळे जोसेफांचा फेटा थोडा करपला, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. एकीने हळूच विचारलं, 'आपल्याला चालतं का हे, आक्का? त्यांच्या जातीचं पोर.' आक्का म्हणाल्या, 'पोराला कसली जात? अजून बारसा न्हाय झाला.' आणि स्वतःच्या पदरात त्याला गुंडाळून चांदीजवळच्या उबेत बसून राहिल्या. मी तिथे उभी होते, फिलू. मला वाटत होतं, यांना कुणी सांगायला हवं की हा देव आहे. मग वाटलं, नको. तो देव आहे म्हणून त्याला पांघरूण घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. उघडा आहे म्हणून घालणारी पहिल्यांदा पाहत होते.

तेव्हापासून तो गोठ्यातच आहे. रोज न्हाणं होत नाही, कारण रंग जाईल असं राघोने बजावलंय, पण दृष्ट रोज काढतात. पाचवीला आक्कांनी पाटावरवंटा पुजला आणि कोरा कागद नि बोरू ठेवला, सटवाईने येऊन नशीब लिहावं म्हणून. मग मला विचारलं, 'कमल, तुला ठावं हाय ना याची गोष्ट? काय लिवलंय याच्या कपालात?' मी काय सांगू? तुला माहीतच आहे काय लिहिलेलं होतं. मी तोंड फिरवून शेगडीतले निखारे हलवत राहिले. आक्कांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, 'असू दे. मग आताच लाड करू याचं.'

आता उद्याचा प्रश्न. उद्या बारावा दिवस, म्हणजे बारसं. सिस्टर सांगायच्या की नाताळ बारा दिवसांचा असतो, तीन राजे बाळाला भेटायला येईपर्यंत (तुझ्या विल्सनने त्याचा एका रात्रीत निकाल लावला), तेव्हा आमच्या आणि तुमच्या पंचांगाचं इथे कधी नव्हे ते जमलं. पाळणा आमच्या तुळशीरामचाच माळ्यावरून काढला. परवा आक्कांनी विचारलं, 'आत्या कोन?' नाव आत्याने ठेवायचं असतं. मी म्हटलं, जोसेफांच्या बहिणीचा कुठे उल्लेख सापडत नाही. पण त्यांच्यातली माझी एक जिवाची मैत्रीण आहे, वसईची. आक्कांनी विचारलं, सवाष्ण का? मी म्हटलं, नाही, आक्का. भावोजी गेले. त्यावर त्या बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे निवडू लागल्या. तुला सांगते, माझ्या तुळशीरामच्या बारशाला त्याची सख्खी आत्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, आणि नाव ठेवलं ते चुलत नणंदेने. गावात इतकी बारशी झाली, आक्कांनी सगळ्यांच्या घुगऱ्या शिजवल्या, आणि एकाही पाळण्याच्या दोरीला हात लावला नाही. मग त्या म्हणाल्या, 'त्यांच्या देवाला चालत्यात, आपल्यासारख्या?' मी म्हटलं, 'चालतात. त्याला तर त्यांचा विशेष लळा.' हे मी सिस्टरांच्या भरवशावर सांगितलं आहे, फिलू. खोटं पाडू नकोस.

पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका लागतात, हे तुला माहीत असेल. एकीने बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीने वरून घ्यायचं. एका बाजूला आक्का उभ्या राहणार आहेत. आळीत कुजबुज झाली. राहीबाईच्या सासूने तोंड वाकडं केलं. आक्का म्हणाल्या, ज्यांना यायचं न्हाय त्यांनी घुगऱ्या घरी मागवाव्या. पण दुसऱ्या बाजूला कुणी उभं राहायला तयार नाही, आणि आक्कांना दुसरी कुणी नकोच आहे. एकट्या बाईकडून बारसं होत नाही.

तुझी,
कमळ

ता. क. तुळशीरामला मी नाताळात बाजार नको म्हणून इतकं बजावलं, पण आळीतल्या बायकांनी बाळाच्या कुंच्या, दुपटी आणि झबल्यांसाठी त्याच्या दुकानातलं छापील फलालीन पार संपवलं. एका मातीच्या मुलाला आता तेवीस कुंच्या आहेत. तुळशीराम म्हणतो, आई, पुढच्या वर्षी महादू नको, तुझा गोठाच दुकानात मांडू. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. कापड मात्र चांगलं आहे.

आणखी ता. क. हॉटेलातला केक आणू नकोस. काळी साडी नेसून आलीस तरी चालेल. आक्का पांढऱ्याच लुगड्यात असतील. नाव काय ठेवायचं ते आत्याने ठरवायचं. जगाने ठेवलेलं आहे ते राहू दे, पण आक्कांचं म्हणणं, घरात हाक मारायला एक वेगळं लागतं.

शेवटचा ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. देणारे आमचे हेच आहेत. यांना चहा दे आणि तू पिशवी भरेपर्यंत बसू दे. हे काही बोलणार नाहीत. खाली तुळशीरामची जीप उभी आहे आणि जीपमध्ये आक्का आहेत. मी म्हटलं होतं, आक्का, तुम्ही कशाला, खाडीचा पूल ओलांडून तुम्ही कधी गेला नाहीत. तर म्हणाल्या, 'बारशाचा बोलावना पुरुषानं करायचा नसतो. बाईनं बाईला करायचा असतो.' त्यांना आजवर कुणी कुठल्याही घरी बोलावणं करायला पाठवलेलं नाही. मुठीत अक्षता घट्ट धरून बसल्या असतील. विल्सनचं मुंबईतलं घर चौथ्या मजल्यावर आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. पण तू खाली आली नाहीस, तर त्या वर येतील.